खरखरीचा पत्ता

नवं साउंड कार्ड बसवलं की पहिल्यांदा कानावर पडतं ते गाणं नसतं. कॅबिनेटचं झाकण लावलं, स्क्रू आवळले, ड्रायव्हर टाकला, स्पीकरचा आवाज वाढवला. अजून काही वाजवायला घेतलंही नाही, तोच मागे एक जाड ‘घूंऽऽ’ सुरू असते. तिच्यावर बारीक खरखर. माउस हलवला की मध्येच ‘किर्र’. मदरबोर्डवरच्या फुकटच्या साउंडला हे नव्हतं आणि पैसे मोजून आणलेल्या कार्डातून मात्र खोलीभर घुमतंय, म्हणजे दुकानदाराने टोपी घातली, असा पहिला निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

खानदेशात हा प्रसंग आता गेम खेळणाऱ्या पोरांपुरता राहिलेला नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात अहिराणी गाण्यांचा चांगला जम बसलाय. ‘हाई झुमकावाली पोर’ तर अहिराणीचा गंध नसलेल्या गावांतल्या वरातींतही वाजलं. अशी कितीतरी गाणी घराच्या मागच्या खोलीत तयार होतात. भिंतीला फोम, खिडकीला जाड गोधडी, एक माइक, एक कॉम्प्युटर, आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरून किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेलं कार्ड. लग्नसराई तोंडावर, गायक दारात उभा आणि हेडफोनमध्ये घूं. मग जो-तो एकमेकाला विचारतो, “हाऊ आवाज कथाईन येस, भो?”

प्रश्न अगदी नेमका आहे. हा आवाज कुठून येतो? कारण खरखर कधी आपोआप उगवत नाही. ती कुठून तरी निघून, कुठल्या तरी वाटेने आत शिरलेली असते, आणि आपला पत्ता ती आवाजातच सांगते. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा हातात घेण्याआधी पाच मिनिटं ती नुसती कान देऊन ऐकावी. अर्धं निदान तिथेच होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. माइक बंद ठेवून दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायची आणि तिचा वर्णपट, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे याचा आलेख, पडद्यावर काढायचा. ज्याला आपण शांतता समजत होतो तिथे सुळके उभे दिसतात. ५० वर एक, १०० वर एक, १५० वर एक. कधी १२५ वर, कधी २१७ वर. प्रत्येक सुळक्याचं गाव वेगळं.

सगळ्यात जाड घूंपासून सुरुवात करू. तिचं गाव भुसावळजवळ आहे.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. त्यांतल्या जनित्राचा अजस्र रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बरोबर ५०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते ती याच फिरण्यामुळे. ती वीज स्पीकरच्या वाटेत कुठे झिरपली, की स्पीकरचा पडदाही सेकंदाला ५० वेळा हलतो. खोलीतली घूं म्हणजे त्या रोटरचं फिरणं, तारेवरून चालत आलेलं. टेबलावरच्या छोट्या स्पीकरना ५० चा खर्ज नीट पेलवत नाही, म्हणून त्यातून बहुधा १०० आणि १५० ऐकू येतात. हार्मोनियम जवळ असेल तर पडताळून पाहा. १०० कंपनांचा हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली, असा अधांतरी बसतो. कुठल्याही पट्टीत गा, ही घूं बेसूरच लागणार.

आणि हे फेरे एकट्या दीपनगरचे नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एकरूप झालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी मोठी जनित्रं एका तालात फिरतात. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प वीज देतात तेही याच तालात. देशात मागणी वाढली की हा ताल अगदी बारीकसा मंदावतो, ४९.९५ वगैरे होतो. मागणी घटली की ५० च्या वर सरकतो. म्हणजे धुळ्यातल्या त्या खोलीतली घूं आणि मदुराईतल्या एखाद्या दुकानातली घूं एकाच क्षणी, एकाच मापाने वर-खाली होतात. लंडनच्या पोलिसांची ध्वनिप्रयोगशाळा विजेचे हे चढउतार वर्षानुवर्षं नोंदवून ठेवते, कारण एखाद्या रेकॉर्डिंगच्या पार्श्वभूमीला असलेली घूं त्या नोंदीशी ताडून ते कधी झालं आणि मध्ये कापाकापी झाली का, हे कोर्टात सांगता येतं. आपण जिला कचरा म्हणतो तिच्यावर तारीख-वेळेचा शिक्का असतो.

पण वीज तर सगळीकडेच आहे; मग ती गाण्याच्या वाटेत शिरते कशी? बहुतेक वेळा अर्थिंगमधून.

कॉम्प्युटरची तीन पिनांची वायर भिंतीतल्या एका सॉकेटमध्ये, ॲम्प्लिफायर किंवा मिक्सरची दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. दोघांनाही अर्थिंग आहे. कागदावर दोन्ही अर्थ शून्य व्होल्टचे, पण प्रत्यक्षात तारांची लांबी वेगळी, त्यांतून वाहणारा चोरटा प्रवाह वेगळा, म्हणून दोघांत थोडा फरक राहतोच. समजा तो १० मिलिव्होल्ट आहे. आता साउंड कार्डापासून ॲम्प्लिफायरपर्यंत आपण ऑडिओ केबल टाकली. तिच्या आत सिग्नलची तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी. ती जाळी दोन्ही यंत्रांच्या अर्थांना आपसांत जोडते. एक वर्तुळ पूर्ण झालं आणि त्या १० मिलिव्होल्टला वाहायला रस्ता मिळाला. गाण्याचा सिग्नल साधारण एक व्होल्टचा, त्यात हे १० मिलिव्होल्ट मिसळले म्हणजे घूं गाण्याच्या फक्त ४० डेसिबल खाली. दोन ओळींमधल्या श्वासाच्या जागेत ती स्वच्छ ऐकू येते.

आता कळेल की जुन्या साउंडला हे का नव्हतं. त्याला बहुधा दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालणारे, अर्थिंगच नसलेले छोटे स्पीकर जोडलेले होते. नवं कार्ड आलं तसा चांगला ॲम्प्लिफायरही आला, लांब केबल आली आणि वर्तुळ पूर्ण झालं. कार्ड बिचारं निर्दोष. खात्री करायची तर ॲम्प्लिफायरची केबल काढून हेडफोन थेट कार्डात घालावा. घूं गेली, तर कार्ड बदलून आणायला कुठे जायचं कारण नाही. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. निम्म्या घरांत गोष्ट तिथेच मिटते. नाही मिटली तर केबलच्या मध्ये बसवायचं आयसोलेटर मिळतं. त्यात एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे उडी मारतो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत, त्यामुळे वर्तुळ तुटतं. स्टुडिओतली महाग यंत्रं याच कामासाठी बॅलन्स्ड केबल वापरतात. तीत एकच सिग्नल दोन तारांतून सुलट आणि उलट असा पाठवतात आणि पलीकडे त्यांची वजाबाकी करतात. वाटेत घुसलेली घूं दोन्ही तारांवर सारखीच बसलेली असते, म्हणून वजाबाकीत ती शून्य होते आणि गाणं दुप्पट होतं. इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती विजेच्या विद्येत फार थोडी असेल.

एक उपाय मात्र कुणीही सांगितला तरी करू नये: तिसरी पिन मोडणे. घूं जाते हे खरं. पण ॲम्प्लिफायरमध्ये उद्या काही बिघडलं तर त्याच्या पत्र्यावर उतरलेल्या २३० व्होल्टना जमिनीत जायची वाट उरत नाही, आणि माइक गायकाच्या ओठांजवळ असतो.

अर्थिंगची दुसरी गोष्ट खास आपल्याकडची आहे. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. कपाशी-केळीला ती आई आहे, अर्थिंगला मात्र लहरी. मातीतून वीज वाहते ती मुख्यतः तिच्यातल्या ओलाव्यामुळे आणि त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. माती कोरडी पडून पट्टीपासून सुटली, की खड्डा असून नसल्यासारखा. म्हणून जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याच्या नाहीतर लोखंडी पट्टीभोवती मीठ आणि कोळशाचे थर देत, वर नरसाळं बसवलेला पाइप ठेवत आणि उन्हाळ्यात त्यातून अधूनमधून दोन बादल्या पाणी सोडायला सांगत. मीठ ओलावा धरतं, वाहकता वाढवतं. कोळसा तो ओलावा टिकवतो. पाण्याची ओरड असलेल्या गावात जमिनीला पाणी पाजा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण सांगणारा बरोबर असतो.

अर्थिंग सुकलं किंवा जुन्या वाड्यात मुळातच नसलं, तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. पॉवर सप्लायमध्ये खरखर गाळायला बसवलेले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध पत्र्याला टांगून ठेवतात. त्यामुळे जमिनीचा आधार नसलेल्या पत्र्यावर सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी क्षीण, म्हणून जीव जात नाही, पण झिणझिण येते आणि स्पीकरमध्ये बुर्र वाजते. यातली गंमत अशी की पत्र्यावर हात ठेवला की ती बुर्र बदलते, बऱ्याचदा कमी होते. त्या क्षणी तुम्हीच कॉम्प्युटरचं अर्थिंग झालेले असता. ही खूण पटली तर पहिला फोन वायरमनला करावा. पण आधी सांगितलेलं, दोन सॉकेटांमधलं वर्तुळ खड्ड्यात कितीही पाणी ओतलं तरी तुटत नाही. या दोन आजारांची गल्लत फार होते.

लाइट गेले की आणखी एक पुरावा फुकट मिळतो. इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा गुणगुणायला लागतो आणि स्पीकरमधली गोल घूं एकदम चरचरीत ‘झर्र’ होते. स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोल लाट न देता चौकोनी लाट देतात, आणि चौकोनी लाटेचे कोपरे म्हणजे ५० च्या पटीतल्या १५०, २५०, ३५० अशा चढत्या सुरांची रास. इन्व्हर्टरवर आवाज बदलला, तर खरखर भिंतीतल्या विजेतून येतेय हे नक्की. बदललाच नाही, तर ती कॅबिनेटच्या आत जन्मलेली आहे.

कॅबिनेटच्या आत काय चाललंय हे कळल्यावर मला नवल वाटतं ते खरखर येण्याचं नाही. गाणं ऐकू येतं याचं. आजचा जोरकस प्रोसेसर साधारण एक व्होल्टवर चालतो आणि कामाच्या भरात शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह खेचतो. वेल्डिंगच्या मशीनचा आकडा हा. तोही स्थिर नाही. काम आलं की उसळतो, संपलं की पडतो, सेकंदाला लाखो वेळा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर साउंड कार्ड बसलंय आणि ते माइककडून आलेले दोन-चार मिलिव्होल्ट सांभाळतंय. प्रवाहाची प्रत्येक उसळी पुरवठ्याच्या तारांवर आणि समाईक जमिनीवर एक बारीक हिसका देते. माउस हलवल्यावर येणारी किर्र तीच. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणून वर्णपटात १२५ चा सुळका आणि त्याच्या पटी. गेमसाठीचा माउस १००० वेळा कळवतो, त्याचा सूर चढा. खिडकी ओढताना, पान सरकवताना, व्हिडिओ चालू होताना सूर बदलतो, कारण प्रोसेसरची धावपळ बदलते. कॉम्प्युटर विचार करताना कसा ऐकू येतो हे कुणाला पाहिजे असेल, तर हे त्याचं उत्तर.

इथले उपाय कंटाळवाणे पण गुणकारी. ग्राफिक्स कार्डाला खेटून असलेला स्लॉट सोडून कार्ड शक्य तितकं दूरच्या स्लॉटमध्ये न्यावं. हेडफोन पुढच्या जॅकमध्ये घालू नये. तिथवर जाणारी केबल बहुधा प्रोसेसरच्या अंगावरून जाते आणि तिला जाळी नावापुरतीच असते. विंडोजच्या मिक्सरमध्ये न वापरलेला माइक, लाइन-इन उघडा असेल तर बंद करावा. उघडं इनपुट म्हणजे काही न जोडलेली तार, आणि तार आजूबाजूचं सगळं गोळा करते. मदरबोर्डवरचा जुना साउंड बायोसमधून बंद केला की दोन ड्रायव्हरांची भांडणंही मिटतात. लॅपटॉपवर बाहेरचं कार्ड असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा; दहा सेकंदांत निकाल.

कार्ड हलवताना एक जपा. खानदेशच्या कोरड्या हवेत सिंथेटिक शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर काही हजार व्होल्ट साठतात. साधारण ३००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही, आणि चिपला त्याहून फार कमी पुरतो. मुख्य बटण बंद करून, पिन सॉकेटमध्येच ठेवून, आधी पॉवर सप्लायच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, मग कार्डाला, तेही कडेने धरून.

आता दाराबाहेरून येणारे पाहुणे. ‘टिर-टिर-टिर-टिर’ असा तुटक आवाज आला आणि दोन सेकंदांनी मोबाइल वाजला, हे सगळ्यांनी अनुभवलंय. टूजी फोन सलग बोलत नाही. अनेक फोन एकच लहर वाटून घेतात आणि प्रत्येकाची पाळी ४.६१५ मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा. प्रत्येक पाळीला फोन जोराचा एक ठोका देतो आणि जवळची केबल तो पकडते. वर्णपटातला २१७ चा सुळका म्हणजे फोनची टॉवरशी चाललेली कुजबुज. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की सुळका गायब.

त्याहून अद्भुत म्हणजे स्पीकरमधून अंधुक का होईना बातम्या ऐकू येणं. यात भुताटकी नाही. आकाशवाणीचं जळगाव केंद्र मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३११ मीटर. प्रक्षेपण मनोऱ्याच्या आसपासच्या घरात लांब, बिनजाळीची केबल अंथरलेली असली तर ती एरियलचं काम करू शकते. ॲम्प्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा गंजलेल्या जोडातही लहरीची एक बाजू छाटली जाते आणि तिच्यावर स्वार झालेला निवेदकाचा आवाज मोकळा होतो. जुन्या क्रिस्टल रेडिओत हेच होत असे, फक्त तिथे ते हवं होतं.

हाच न्याय उलटा करून खरखरीचा माग काढता येतो, आणि तो प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर घ्या. काटा ९६३ वरून बाजूला सरकवून जिथे काही लागत नाही तिथे ठेवा आणि घरभर फिरा. स्वस्त एलईडी बल्बजवळ तो फरफर करतो. मोबाइलच्या चार्जरजवळ शिटी. पंख्याच्या रेग्युलेटरजवळ फोडणीसारखं तडतडतं. कॉम्प्युटरच्या मागे नेला तर कानठळ्या. ज्या खोलीत आपल्याला वाटतं काही चाललेलं नाही, तिथे किती यंत्रं एकाच वेळी बडबडतायत ते कळतं. रेकॉर्डिंगच्या वेळी कुठला दिवा बंद ठेवायचा, ते या फेरफटक्यात ठरतं.

एक खरखर मात्र वेगळ्या जातीची: गाणं चालू असतानाच येणारी ‘पट… पट… खर्र’. शांततेत ती नसते. ही विजेची नव्हे, वेळेची चूक. साउंड कार्डाला सेकंदाला ४४,१०० आकडे, एकही न चुकता, समान अंतराने हवे असतात. प्रोसेसर मात्र दहा कामांत, आकडे सवडीने आणून टाकणार. म्हणून मध्ये बफर असतो. नळाला दिवसाआड पाणी आणि गच्चीवर टाकी, तेच हे. नळ कधीही येवो, टाकीत पाणी असेपर्यंत तोटी सलग चालते. १२८ आकड्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंदांचा साठा; तेवढ्यात वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला तर टाकी रिकामी आणि ‘पट’. बफर ५१२ केला की साठा ११.६ मिलिसेकंदांचा होतो, तडतड थांबते. पण गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये तितका उशिरा येतो. गाताना छोटा बफर, मिक्सिंगला मोठा, अशी तडजोड सगळेच करतात. कार्ड ४८,००० वर आणि सॉफ्टवेअर ४४,१०० वर लावलेलं असलं तरी गडबड होते. दोन्ही आकडे सारखे करावेत.

हे सगळं निस्तरल्यावर, घूं गेली, किर्र गेली, पटपट गेली, तरी हेडफोन कानाला घट्ट लावून आवाज पूर्ण वाढवला की एक मऊ ‘स्सऽऽ’ उरतेच. वर्णपटात तिचा सुळका नसतो, सपाट पठार असतं. हिला मात्र बाहेरचं गाव नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुठल्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सैरावैरा थरथरत असतात आणि त्या थरथरीतून आपोआप व्होल्टेज उमटतं. बॅटरी नको, प्लग नको. टेबलावर पडलेल्या रेझिस्टरमध्येसुद्धा ती चालू असते. १० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये, आपल्या ऐकण्याच्या कक्षेत, ती भरते सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट.

हा आकडा कार्डाच्या खोक्यावरच्या ‘२४ बिट’शी लावून बघा. २४ बिट म्हणजे सिग्नलच्या उंचीचे १ कोटी ६७ लाख समान भाग. दोन व्होल्टच्या (आरएमएस) सिग्नलची शिखर ते तळ उंची धरली, तर एक भाग येतो साधारण ०.३४ मायक्रोव्होल्टचा. म्हणजे सगळ्यात बारीक पायऱ्या एका साध्या रेझिस्टरच्या उष्णतेतच बुडालेल्या. कार्ड कितीही भारी घ्या, शेवटचे दोन-तीन बिट गाणं मोजत नसतात, इलेक्ट्रॉनांची थरथर मोजत असतात. आणि थरथर तापमानावर अवलंबून असल्यामुळे जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ही ‘स्सऽऽ’ डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा खरोखरच मोठी असते. फरक अर्ध्या डेसिबलचा. कुणाच्याही कानाला तो कळणार नाही, पण आहे.

अशाच एका उरलेल्या ‘स्सऽऽ’च्या मागे बेल लॅब्जचेच कार्ल जान्स्की लागले होते. रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधायचं काम त्यांना दिलेलं. जवळची वादळं, दूरची वादळं असा हिशेब लागला. एक बारीक फुसफूस मात्र उरली. ती रोज २३ तास ५६ मिनिटांनी जोर धरी. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा चार मिनिटांनी कमी. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ही खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येतेय. रेडिओ खगोलशास्त्र जन्मलं ते खरखरीची तक्रार निवारताना. त्याच विद्येचे ३० अवाढव्य कान आज जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात आभाळाकडे लागलेले आहेत. प्रत्येक ॲंटेना ४५ मीटर व्यासाचा. ही रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी ही जागा पसंत करण्याचं एक कारण तिथली रेडिओ-शांतता हे होतं. तरी विजेच्या खांबांवर उडणाऱ्या ठिणग्या शोधत तिथल्या अभियंत्यांना फिरावं लागतंच. ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरण्याचाच तो मोठा अवतार.

उष्णतेच्या खरखरीवर उपाय एकच: थंडावा. जगातल्या कित्येक रेडिओ दुर्बिणींचे ॲम्प्लिफायर हेलियमच्या साह्याने उणे २५० अंशांपर्यंत गार करतात. आपल्या मागच्या खोलीत ही ‘स्सऽऽ’ निम्मी करायची, म्हणजे ६ डेसिबलने उतरवायची, तर केल्विनमधलं तापमान चौथाईवर आणावं लागेल. ते जवळजवळ द्रव नायट्रोजनचं तापमान. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या वाफाळणाऱ्या डब्यात ठेवतात, त्या डब्यात माइकचा ॲम्प्लिफायर बुडवल्यासारखं. किंवा गायकाला म्हणायचं, “दादा, जरा पुढे या.” तोंड माइकपासून फूटभर असेल ते अर्ध्या फुटावर आलं की आवाज दुप्पट होतो. गेन तेवढा खाली घेतला की ‘स्सऽऽ’ही निम्मी. तेच ६ डेसिबल, आणि डबा जनावरांच्या डॉक्टरांकडेच राहतो.